ज्या वस्तूची दुसरी प्रत नाही, ती कशी जपायची?

जपणूक

पाच मिनिटांत घराबाहेर पडायचं असेल तर काय उचलाल, या प्रश्नाची उत्तरं कुठेही गेलं तरी बरीचशी सारखी येतात. फोटो, पत्रं, गेलेल्या माणसाचा आवाज असलेली कॅसेट, कुणीतरी हातानं विणलेलं पांघरूण, वडिलांचं घड्याळ, आणि हल्ली फोन. या वस्तूंना बाजारात जवळपास किंमत नसते, म्हणून त्यांची काळजी घेण्याची माहितीही कुणी सहसा देत नाही. ती एका ठिकाणी जमावी यासाठी हा धागा.

कसोटी साधी ठेवू. पैसे मोजून पुन्हा मिळणाऱ्या वस्तूचा विमा काढता येतो. न मिळणाऱ्या वस्तूबद्दल इथे बोलू या.

सुरुवात जागेपासून करते. माळा तापतो आणि तळघर दमट असतं, म्हणून दोन्ही नकोत. आतल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट घ्या आणि सर्वात खालचा कप्पा जमिनीपासून किमान १० सेंमी वर ठेवा. कागद आणि फोटोंसाठी सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के असली की बरं. ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. आर्द्रतामापक खोलीत टांगू नका, त्या कपाटातच ठेवा. दोन्हीकडच्या आकड्यांत बराच फरक पडतो.

दुसरं म्हणजे, जे काही कराल ते उलटवता आलं पाहिजे. लॅमिनेशन, डिंक, चिकटपट्टी, वॉर्निश यातलं काहीच धड काढता येत नाही. काळापेक्षा हौसेच्या दुरुस्तीनं जास्त वस्तू बिघडतात, हे माझं ठाम मत आहे.

जुनं_पान

उत्तम धागा. पत्रांबद्दल लिहितो.

पहिल्यांदा धातू काढा. टाचण्या, चाप, स्टेपलच्या पिना गंजतात आणि गंजाचा डाग कागद खातो. पिन ओढून काढू नका. पिनेचे वळलेले पाय आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, पट्टीवर टेकून पाय सरळ करा आणि मग पिन दुसऱ्या बाजूनं उचला. रबरबँडही काढा. ते वितळून कागदाला चिकटतात आणि त्यातलं गंधक जवळच्या कृष्णधवल फोटोंची चांदी काळवंडवतं.

घडीवर कुरकुरीत झालेलं पत्र जबरदस्तीनं उलगडलं की घडीवरच तुटतं. एका मोठ्या झाकणाच्या डब्यात तळाशी ओला टीपकागद ठेवा, त्यावर जाळी, जाळीवर पत्र. पाण्याचा थेट स्पर्श नको. काही तासांत कागद मऊ होतो, तोवर दर अर्ध्या तासानं पाहा. मग हळू उलगडून दोन कोऱ्या टीपकागदांमध्ये घाला आणि वर सपाट वजन ठेवून किमान एक दिवस राहू द्या. पण शाई पाण्यात विरघळणारी असेल तर हा उपाय अजिबात करू नका. फाउंटन पेन, जेल पेन आणि स्केचपेनची शाई नुसत्या दमटपणानंही फुटू शकते.

वर्तमानपत्राचं कात्रण पत्राला लागून ठेवू नका. त्या कागदातल्या लिग्निन या लाकडी घटकामुळे आम्ल तयार होतं आणि शेजारच्या पानावर कात्रणाच्या आकाराचा तपकिरी ठसा उमटतो. कात्रणाची चांगल्या कागदावर प्रत काढा आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा.

जुनी चिकटपट्टी मात्र तशीच राहू द्या. ती सोलताना वरची अक्षरं सोबत येतात.

मृणाल_प

बाळाच्या सोनोग्राफीचे छोटे प्रिंट असतात, ते पुसट होत चाललेत असं पुष्कळ जण म्हणतात. लॅमिनेट केले तर टिकतील का?

जुनं_पान

@मृणाल_प, मुळीच करू नका! ते प्रिंट बहुधा थर्मल कागदावर असतात. म्हणजे त्यात शाई नसतेच, उष्णतेनं काळं होणारा लेप असतो. लॅमिनेशन यंत्राच्या उष्णतेनं अख्खा प्रिंट काळा होतो. प्लास्टिकचे पारदर्शक खिसे आणि गोंद यांच्यामुळेही ते उडतात. आज ना उद्या ते पुसट होणारच, त्यामुळे लगेच ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि त्या फाइलचा फोटो कागदावर प्रिंट काढा. मूळ प्रिंट कागदी पाकिटात, अंधारात आणि थंड जागी. पावत्या, तिकिटं, जुने फॅक्स यांचंही हेच.

निगेटिव्ह

फोटोंवर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होताना दिसतं.

चिकट पानांचे अल्बम, ज्यांत फोटो ठेवून वरून पारदर्शक कागद ओढतात, ते सर्वात वाईट. पानावरचा गोंद वर्षांगणिक घट्ट होत जातो आणि वरचा कागद अनेकदा पीव्हीसीचा असतो. पीव्हीसीतून निघणारी आम्लं आणि मऊपणासाठी घातलेली रसायनं फोटोच्या पृष्ठभागावर जातात. अल्बमला उघडल्याबरोबर नव्या रेक्झिनसारखा वास आला तर समजून जा.

फोटो काढण्याआधी अख्खं पान अल्बममध्येच स्कॅन करा. क्रम आणि बाजूला लिहिलेला मजकूर हीसुद्धा माहिती आहे. मग मेण न लावलेला डेंटल फ्लॉस, साधारण ४० सेंमी. तो दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळा, फोटोच्या एका कोपऱ्याखाली घाला आणि पानाला समांतर ठेवून करवतीसारखा मागे-पुढे चालवा. फोटो वर उचलायचा नाही, दोरा पुढे न्यायचा. फोटो वाकला की वरच्या जिलेटिनच्या थराला तडा जातो आणि तो कायमचा राहतो. दोरा अडला तर दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात करा. तिथेही अडला तर थांबा आणि पानाचा तेवढा तुकडा फोटोसकट कापून घ्या. पाठीला पुठ्ठा चिकटलेला फोटो परवडतो, फाटलेला नाही.

नंतर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे खिसे वापरा. दुकानदार नुसतं ‘ॲसिड-फ्री’ म्हणाला तर भागत नाही. फोटोंसाठीची साहित्य-चाचणी वेगळी आहे, आयएसओ १८९१६ या आंतरराष्ट्रीय मानकाची. वेष्टनावर तिचा किंवा ‘फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट’चा उल्लेख शोधा.

रंगीत फोटो अंधारातही उडतात. त्यांच्यातले रंग अस्थिर असतात, पेटीत ठेवल्यानं फक्त वेग कमी होतो. छपाईच्या वेळी नीट धुतलेले कृष्णधवल फोटो त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतात. म्हणून स्कॅनिंग रंगीत फोटोंपासून सुरू करा, आजोबांच्या लग्नाचे कृष्णधवल थोडे थांबू शकतात.

स्कॅनिंग: ४ बाय ६ इंचाचा प्रिंट ६०० डीपीआयला ठेवला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, २४ बिट टिफमध्ये साधारण २६ एमबी. याहून जास्त डीपीआयनं प्रिंटमधून सहसा नवं काही निघत नाही, फाइल फुगते. निगेटिव्ह असेल तर तेच स्कॅन करा, ३५ मिमीसाठी ३००० डीपीआयच्या आसपास. स्कॅनरचं ‘ऑटो करेक्शन’ आणि ‘शार्पन’ बंद ठेवा. इन्फ्रारेडनं धूळ काढणारी सोय चांदीच्या कृष्णधवल निगेटिव्हवर चालत नाही, ती चांदीलाच धूळ समजते. कृष्णधवल प्रिंटही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, म्हणजे पिवळे डाग नंतर वेगळे काढता येतात.

निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर तो डबा त्याच दिवशी बाकीच्यांपासून दूर करा. ॲसिटेट फिल्म कुजताना ॲसेटिक आम्ल सुटतं, त्या आम्लानं कुजणं आणखी वाढतं आणि शेजारच्या फिल्मलाही लागण होते. फिल्म आकसून वळायच्या आत स्कॅन करून घ्या.

सुमेधा_क

फ्रेममधला फोटो काचेला चिकटलाय. काय करावं?

निगेटिव्ह

@सुमेधा_क, सोलू नका. दमटपणानं जिलेटिन मऊ होऊन काचेला बसलेलं असतं. चाकू, गरम हवा, बर्फ, काहीही नको. काच न फुटता फ्रेममधून काच आणि फोटो एकत्र बाहेर काढा, काच बाहेरून पुसा आणि काचेसकट स्कॅनरवर उलटा ठेवा. चिकटलेला भाग काचेतून उलट जास्त स्वच्छ येतो. पाण्यात भिजवून सोडवतात हे खरं, पण ते काम संवर्धकाचं, म्हणजे जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं. इंकजेट प्रिंट असेल तर पाण्यात शाईच वाहून जाईल. पुढच्या वेळी काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याची चौकट घाला, २ मिमी अंतर पुरतं.

ध्वनिफीत

आवाजाकडे वळू या. मला स्वतःला आवाज फोटोपेक्षा मोलाचा वाटतो आणि तोच आधी हातचा जातो, कारण फीत ठीक असली तरी वाजवणारं यंत्र मिळेनासं होतं.

कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ ची. फितीची रुंदी ३.८१ मिमी, वेग सेकंदाला ४.७६ सेंमी. इतक्या बारीक फितीत सगळा खेळ यंत्र स्वच्छ असण्याचा आहे. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि धातूचा कॅप्स्टन (फीत ओढणारा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, काडीवरचा कापूस तपकिरी येणं थांबेपर्यंत. रबरी चाकाला अल्कोहोल फार लावू नका, रबर कडक होतं. आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट पूर्ण वाजवून बघा. यंत्र फीत खातं की नाही हे तिच्यावर कळू दे.

मूळ कॅसेटची वरच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची कानं आधी मोडा, म्हणजे चुकून ‘रेकॉर्ड’ दाबलं तरी पुसली जाणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा.

आवाज दबका किंवा येत-जात असेल तर कॅसेटच्या तोंडाकडे पाहा. मधल्या पत्र्याच्या स्प्रिंगवर बोटाच्या नखाहून लहान फेल्टचा तुकडा असतो, तो फितीला हेडवर दाबून धरतो. जुना गोंद सुकला की तो गळून पडतो. तसं असेल तर फीत दुसऱ्या कवचात घाला. स्क्रूची रिकामी कॅसेट घ्या. तिचे स्क्रू बहुधा पाच असतात. दोन्ही रिळं एकत्र उचला, फीत कोपऱ्यांतल्या चाकांवरून जशी होती तशीच न्या आणि दोन्ही बाजूंचे घसरपत्रे (रिळं आणि कवच यांच्यामधले पातळ गुळगुळीत पत्रे) विसरू नका. ते नसले की रिळं घासून मध्येच अडतात. स्क्रू नसलेलं जुनं कवच सांध्यावर पातळ पातं घालून उघडावं लागतं. फीत तुटली असेल तर फक्त फीत जोडायची खास पट्टी वापरा, तीही हेडला न लागणाऱ्या बाजूनं. साध्या चिकटपट्टीचा गोंद पाझरतो आणि पुढचे वेढे एकमेकांना चिकटतात.

फेल्ट जागेवर असूनही आवाज दबका असेल तर हेडचा कोन जुळलेला नाही. हेडशेजारच्या लहान स्क्रूनं, मोनोमध्ये ऐकत, ‘स’ आणि ‘श’ सर्वात स्पष्ट येईपर्यंत पाव-पाव फेरा फिरवा.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एका तासाला सुमारे १ जीबी लागतो. पातळी अशी ठेवा की सर्वात मोठा आवाज −१२ ते −६ डेसिबलच्या दरम्यान राहील. शून्याला टेकला की तिथला आवाज फाटतो आणि मागाहून सुधारत नाही. खरखर काढायची तर प्रतीवर काढा. मूळ फाइलला हात नको, कारण खरखरीबरोबर श्वास आणि मागच्या खोलीतले आवाजही जातात.

अनघा_व

फार उपयोगी. गेलेल्या माणसाचे फोनवरचे व्हॉइस मेसेज कसे वाचवायचे? फोन बदलताना जातात ना?

ध्वनिफीत

@अनघा_व, हो, जाऊ शकतात. व्हॉट्सॲपमध्ये त्या व्यक्तीचं संभाषण उघडून ‘एक्सपोर्ट चॅट’, आणि ‘मीडियासह’ निवडा. मजकुराच्या फाइलसोबत आवाजाच्या ओपस फाइल मिळतात. त्या तशाच ठेवा आणि शेजारी वेव्हमध्ये एक-एक प्रत करा. संभाषण फार मोठं असेल तर निर्यातीत जुने मेसेज सुटू शकतात. म्हणून सर्वात जुनी फाइल आली का, ते तारखेवरून तपासा. सुटली असेल तर अँड्रॉइडवर ‘व्हॉइस नोट्स’ नावाचं फोल्डर असतं, ते अख्खं संगणकावर उतरवा.

मोबाइल कंपनीकडची व्हॉइसमेल असेल तर ती आधी. ती तुमच्या फोनमध्ये असेलच असं नाही आणि क्रमांक बंद झाला की जाते. क्रमांक बंद करण्याची घाई करू नका, बऱ्याच खात्यांची चावीही त्यावरच येते.

आणि कुटुंबात फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो.

टाका_धागा

हातानं शिवलेल्या-विणलेल्या वस्तूंबद्दल थोडं. घडी हीच कापडाची कमजोरी. रेशीम तर घडीवर चिरतं. मोठं कापड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, नळी आधी धुतलेल्या पांढऱ्या मलमलीनं झाका. घडीच घालायची असेल तर घडीत मलमलीची सैल गुंडाळी घाला आणि वर्षातून दोनदा घडीची जागा बदला. लाकडाच्या फळीवर थेट ठेवू नका, लाकडातून आम्ल सुटतं. स्टार्च करून किंवा न धुता ठेवू नका. न दिसणारे घामाचे डाग वर्षांनी पिवळे पडतात आणि कसरीला तेच हवं असतं.

कसर लोकर आणि रेशीम खाते, म्हणजे तिची अळी खाते. लागल्याची शंका आली तर वस्तू पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि −१८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर गार कापडावर पाणी सुटतं. काच, मणी किंवा रंगवलेलं काम असेल तर हा उपाय नको. डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र तर कधीच नाही, दोन्ही मिळून ओले डाग पडतात.

लंबक

घड्याळ: चावीचं घड्याळ नुसतं ठेवून दिलं तरी आतलं तेल सुकतं. वापरात असेल तर चार-पाच वर्षांनी साफसफाई आणि तेल. वर्षानुवर्षं बंद असेल तर आधी कारागिराकडे न्या. सुकलेल्या तेलावर चालवलं की दांड्यांची टोकं झिजतात. तारखेचं असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान हातानं तारीख बदलू नका, त्या वेळी तारखेचे दाते गुंतलेले असतात. सेलचं घड्याळ ठेवून देताना सेल काढा, गळला की सर्किट जातं. आणि कारागिराला स्पष्ट सांगा, ‘पॉलिश नको’. मागच्या झाकणावरचं कोरीव नाव पॉलिशनं झिजतं. नेमकं त्या नावासाठीच घड्याळ जपलेलं असतं.

पेनबद्दल एवढंच: साध्या थंड पाण्यानं, शाई येणं थांबेपर्यंत धुवा. एबोनाइटचं (कडक रबराचं) पेन मात्र पाण्यात बुडवून ठेवू नका, त्याचा काळा रंग तपकिरी होतो.

सागर_०७

स्कॅन झाल्यावर मूळ फोटो कशाला ठेवायचे? जागा अडते.

निगेटिव्ह

@सागर_०७, असहमत. मूळ प्रिंटच्या पाठीवर शिक्का, तारीख, अक्षर असतं आणि उद्याचा स्कॅनर आजच्यापेक्षा चांगला असेल. जागाच नसेल तर निवड करा: एकाच प्रसंगाचे सारखे दिसणारे, हललेले, माणसं नसलेली दृश्यं काढून टाका. निगेटिव्ह कधीही टाकू नका, जागा सर्वात कमी आणि माहिती सर्वात जास्त.

तीन_प्रती

फाइल झाल्या म्हणजे काम झालं असं नाही. किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. फोन आणि क्लाउड आपोआप जुळतात ती व्यवस्था यात धरू नका. तिथे फोनमधून पुसलं की क्लाउडमधूनही पुसलं जातं. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं विजेविना ठेवण्यासाठी नाहीत, त्यातला विद्युतभार ओसरतो. कपाटातल्या प्रतीसाठी साधी हार्ड डिस्क बरी. ती वर्षातून एकदा जोडा आणि काही फाइल खरोखर उघडून पाहा. शक्य असेल तर प्रत्येक फोल्डरसाठी शा-२५६ चेकसमची (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेल्या ओळखक्रमांकांची) यादी करून ठेवा, एक बिट बदलला तरी कळतं. घरी लिहिलेल्या सीडीवर विसंबू नका, त्यातला रंगाचा थर बिघडतो.

खात्यांचं मात्र लोक विसरतात. गुगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरात नसलं की तुम्ही नेमलेल्या, जास्तीत जास्त १० व्यक्तींना माहिती मिळते. ॲपलनं ‘लेगसी काँटॅक्ट’, म्हणजे तुमच्यानंतर खातं पाहू शकणारी नेमलेली व्यक्ती, ही सोय डिसेंबर २०२१ मध्ये आयओएस १५.२ सोबत आणली. त्यात मिळणारी चावी छापून किंवा मेसेजनं त्या व्यक्तीकडे द्यावी लागते. मृत्यूच्या दाखल्याबरोबर तीही मागतात.

नोंदवही

सगळ्यांनी वस्तू टिकवण्याबद्दल लिहिलं, मला त्यापुढचं लिहायचं आहे. वस्तू टिकते आणि ती कोणाची हे सांगणारं कुणी उरत नाही, असं फार होतं. मग पुढची पिढी ती निःशंकपणे टाकून देते.

पोस्टकार्डाएवढं एक कार्ड पुरे. वस्तू काय, कोणाची (पूर्ण नाव, जन्मवर्ष माहीत असेल तर), कोणाकडून कोणाकडे आली, कधी, आणि ती का ठेवली. ‘आजीची पेटी’ असं लिहू नका, पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला कुणाची आजी ते कळणार नाही. गटाचा फोटो असेल तर नावं ‘मागची रांग, डावीकडून’ अशी लिहा आणि अनोळखी चेहऱ्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा. ती जागा गाळली तर पुढची सगळी नावं एका माणसानं सरकतात. अंदाज असेल तिथे ‘अंदाजे’ लिहा.

फोटोच्या पाठीवर बॉलपेन नको, पुढच्या बाजूला उठतं. कागदी पाठ असेल तर मऊ पेन्सिल, २बी ते ६बी, काठाजवळ आणि काचेवर ठेवून हलक्या हातानं. प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे फोटो आत घालायच्या आधी पाकिटावर लिहा. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस अशा क्रमानं सुरू करा, म्हणजे आपोआप तारखेनुसार लागतं.

आणि ज्यांना माहीत आहे त्यांना आताच विचारा. अल्बम समोर ठेवा, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा, फोटोचा क्रमांक मोठ्यानं म्हणा आणि बोलू द्या. ‘हे कोण’ यापेक्षा ‘हा फोटो कुणी काढला असेल’ हा प्रश्न जास्त आठवणी काढतो.

सुमेधा_क

@नोंदवही +१. अग्निरोधक पेटीबद्दल कुणी सांगेल का?

जपणूक

@सुमेधा_क, पेटीवरचा आकडा पाहा. यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेचा ३५० हा दर्जा म्हणजे आतलं तापमान ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १७७ सेल्सिअसच्या आत राहतं. कागद वाचतो. पण हार्ड डिस्क, फीत आणि निगेटिव्ह त्यात वाचत नाहीत, त्यांना यूएल १२५ म्हणजे सुमारे ५२ सेल्सिअसची पेटी लागते. दुसरी अडचण: अनेक पेट्यांच्या भिंतींत पाणी धरून ठेवणारा भराव असतो, त्यामुळे आत कायम दमट राहतं. सिलिका जेल ठेवा, दर महिन्याला पाहा आणि फोटो बंद पॉलिएस्टर खिशांशिवाय आत ठेवू नका.

मृणाल_प

आणि पाणी शिरलं तर?

निगेटिव्ह

४८ तासांत बुरशी सुरू होऊ शकते, तेवढीच मुदत समजा. चिखल लागलेले फोटो थंड स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा. सुकू दिले तर एकमेकांना चिकटतात. एकेक करून पाण्यातच वेगळा करा, पृष्ठभागाला बोट न लावता खंगाळा आणि टीपकागदावर चित्र वर करून सावलीत वाळवा. तेवढा वेळ नसेल तर मध्ये मेणकागद घालून लहान गठ्ठे पिशवीत बंद करा आणि फ्रीझरमध्ये टाका. काच किंवा धातूवरचे जुने फोटो मात्र गोठवू नका, ते आधी वाळवायला घ्या. ओली पत्रं गठ्ठ्यानंच गोठवा, सुटी करत बसू नका. हार्ड डिस्क भिजली असेल तर विजेला जोडू नका, तशीच डेटा परत काढणाऱ्यांकडे न्या.

अनघा_व

सगळं एकदम होणार नाही. क्रम काय धरावा?

नोंदवही

@अनघा_व, आधी माणसं, म्हणजे ज्यांना नावं माहीत आहेत ते. त्यांच्याबरोबर एका बैठकीत एकच अल्बम घ्या, दीड तासापेक्षा जास्त नको, थकल्यावर नावं चुकतात. मग फोनमधले आवाज, कॅसेट आणि व्हिडिओ फिती, व्हिनेगरचा वास येणारी फिल्म, थर्मल प्रिंट, रंगीत फोटो. कृष्णधवल फोटो आणि पत्रं चांगल्या जागी ठेवली असतील तर सर्वात शेवटी.